‘बदलून टाका’ संप्रदाय

मंडळी, आपल्याकडे वारकरी आहे, नाथ आहे, महानुभाव आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात एका नव्या संप्रदायाची भर पडलीय. त्याचं नाव ‘बदलून टाका’. मिक्सर आवाज करतोय? बदलून टाका. फ्रिज गार करत नाही? त्याचं कार्ड बदलून टाका. कार्ड बदलूनही होत नाही? मग फ्रिजच बदलून टाका ना, किती जुना झालाय! या संप्रदायात दीक्षा घ्यायला शिक्षण लागत नाही. एक पेचकस, एक बॅग आणि चेहऱ्यावर ‘हे असंच असतं’ असा भाव, एवढं पुरतं.

आज या संप्रदायाशी भांडायचं आहे. पण मिक्सर-फ्रिजवरून भांडलं तर सगळे माना डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात नवा फ्रिज आणतात. म्हणून उदाहरण घेतो जरा आडवाटेचं, पाट्या कापायच्या मशीनचं. नात्यातल्या वाचकांना ही हकिगत अर्धीमुर्धी माहीत आहे. बाकीच्यांनी थोडा धीर धरावा, मशीन समजायला अवघड नाही.

दुकानावर जी उठावदार अक्षरं दिसतात, अॅक्रिलिकची किंवा एसीपी शीटमधून कापलेली, ती बहुतेक वेळा संगणकावर चालणाऱ्या राउटरवर कापतात. चार फूट बाय आठ फुटांचं एक टेबल. त्यावर आडवा पूल, त्याला गँट्री म्हणतात. ती टेबलाच्या लांबीवर मागे-पुढे सरकते. गँट्रीवर एक डोकं डावी-उजवीकडे सरकतं आणि डोक्याला धरून कटर वर-खाली होतो. झाले तीन अक्ष. प्रत्येक अक्षाला मोटर आणि मोटरला हुकूम देणारा ड्रायव्हर. डोक्याची मोटर डोक्याबरोबरच फिरते, म्हणून तिच्या वायरी प्लास्टिकच्या कड्यांच्या एका साखळीतून जातात. ही केबल चेन दिवसातून हजारो वेळा वाकते आणि सरळ होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या मोटरी बहुधा स्टेपर जातीच्या. एका फेरीचे २०० टप्पे, म्हणजे एक टप्पा १.८ अंशांचा. ड्रायव्हरने सांगितलं ‘हजार टप्पे जा’ की मोटर हजार टप्पे जाते. म्हणजे जायला पाहिजे! साध्या स्टेपरमध्ये मोटर खरंच गेली का हे बघायला कोणी नसतं. मध्ये कुठे अडखळून पंधरा टप्पे बुडाले, तर संगणकाला पत्ताही लागत नाही. तो आपला खुशाल पुढचं अक्षर कापत राहतो, सगळं सरकलेल्या जागी.

आता गंमत बघा. असे टप्पे बुडाले की इंग्रजी पाटीवर ते एखाद वेळ खपून जातं. सुटी सुटी अक्षरं, एखादं दोन मिलिमीटर खाली आलं तर गिऱ्हाईक मान तिरकी करून बघतं आणि सोडून देतं. देवनागरीत खपत नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे, आणि ती पट्टी लावल्यासारखी जाते. आठ फुटांची पाटी टेबलावर लांबीत ठेवली की शिरोरेषा लांबीच्या अक्षावर येते आणि काना डोक्याच्या आडव्या अक्षावर. आडवा अक्ष अडखळला की काना तोकडा पडतो आणि पुढच्या शब्दाच्या शिरोरेषेला सरळ पायरी पडते. रस्त्यापलीकडून दिसते. ‘ठ’ मधला गोल चपटा आला तर अक्ष दिशा बदलताना कुठेतरी ढिला आहे, हेही तिथेच कळतं. मशीन तपासायला महागडी उपकरणं असतीलही, पण ‘ठाणे’ एवढा एक शब्द कापून बघितला तरी निम्मं निदान होतं.

माझ्या मामेभावाचं डोंबिवलीला असं दुकान आहे. मी त्याला दादाच म्हणतो. मशीन २००९ मध्ये घेतलेलं, चिनी बनावटीचं. २०२२ मध्ये राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून मराठी पाटी सगळ्यांनाच सक्तीची केली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असंही सांगितलं. त्यावर मुंबईचे व्यापारी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीवाल्यांची दिवाळी दिवाळीच्या आधीच सुरू झाली. आणि नेमक्या त्या दिवसांत दादाच्या मशीनचा आडवा अक्ष अडकायला लागला. डोकं मध्येच घरघरायचं, आचके द्यायचं आणि पुढे जायचं. शिरोरेषेला पायऱ्या. अॅक्रिलिक वाया.

सर्व्हिसवाला आला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण एका कंपनीला झोडपून काही साधणार नाही. संप्रदाय मोठा आहे. त्याने पॅनेल उघडलं, ड्रायव्हरकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘ड्रायव्हर गेलाय.’’ ड्रायव्हर खरंच गेला होता. नवा बसवला. तीन दिवस ठीक, चौथ्या दिवशी पुन्हा आचके. मग म्हणाला, मोटर वीक झालीय. मोटर बदलली. दोन दिवस ठीक. तिसऱ्या भेटीत तो मशीनजवळ गेलाच नाही. दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘‘साहेब, चौदा वर्षं झाली. संगणकावर अजून एक्सपी आहे. किती दिवस ओढणार? नवीन घेऊन टाका.’’ नव्याचा भाव सात लाख. तोवरचा खर्च २८ हजार, फुकट गेलेला माल वेगळा.

माझं आयुष्य कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेलं, म्हणून दादाने मला बोलावलं. पण जे मी केलं त्याला माझं आयुष्य लागत नाही, हाच माझा आजचा मुद्दा आहे. दहावी पास माणूस ते करू शकतो. फक्त त्याने क्रमाने प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न: दोष यंत्राच्या हाडामांसात आहे की विजेत? मेन स्विच बंद करायचा, स्पिंडलच्या ड्राइव्हमधला साठलेला विजेचा भार उतरायला पाच-दहा मिनिटं द्यायची, आणि डोकं हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलायचं. स्टेपरचे बारीक हिसके हाताला लागतात, ते चालायचंच. पण कुठे जड लागतंय का? रेल कोरडी पडली असेल, बेअरिंगच्या गोळ्यांत एमडीएफचा भुसा गेला असेल, रॅकच्या दातात अॅक्रिलिकचा तुकडा चिकटला असेल, तर हाताला कळतं. कळतंच. हातासारखं उपकरण नाही.

दुसरा प्रश्न: दोष कुठे येतो? एकाच जागी, ठरावीक अंतराने, की कुठेही? एकाच जागी हाताला जड लागलं तर रेल किंवा रॅक बघा. ठरावीक अंतराने लागलं तर अंतर मोजा. समजा पिनियनला १.५ मॉड्यूलचे २० दात आहेत. मग त्याचा व्यास ३० मिलिमीटर आणि एका फेरीत डोकं साधारण ९४ मिलिमीटर सरकणार. अडखळणंही दर ९४ मिलिमीटरला येत असेल तर रेलची पूजा कशाला करता? पिनियनचा दात, त्याचा सैल झालेला ग्रबस्क्रू किंवा मोटरचं बेअरिंग बघा. आणि कुठेही, कधीही, विशेषतः वेगात आणि दुपारी उकाड्यात येत असेल, तर विजेचा पुरवठा, तापलेला ड्रायव्हर, वाजवीपेक्षा जास्त ठेवलेला वेग यांच्याकडे वळा. स्टेपरची ताकद वेग वाढला की कमी होते. बसल्या जागी बैलासारखी ओढणारी मोटर पळताना शेळी होते.

दादाच्या मशीनचं उत्तर मजेशीर होतं. हाताने ढकललं तर डोकं लोण्यासारखं सरकत होतं. पण चालू मशीनवर मात्र ते टेबलाच्या मधल्या वीतभर पट्ट्यातच अडखळायचं. मग तिसरा प्रश्न: ही जागा टेबलाची की फाइलची? तीच फाइल, पण शून्य एक फूट सरकवून, हवेत चालवली. दोष फाइलबरोबर सरकला नाही, टेबलाच्या त्याच पट्ट्यात राहिला. म्हणजे फाइल निर्दोष आणि संगणकही निर्दोष. बिचाऱ्या एक्सपीला उगाच शिव्या बसत होत्या.

आता विचार करा. हाताला गुळगुळीत, म्हणजे रेल-रॅक ठीक. ड्रायव्हर बदलला, दोष गेला नाही. मोटर बदलली, दोष गेला नाही. जागा मात्र ठरलेली. डोक्याच्या जागेप्रमाणे आकार बदलणारी, विजेशी संबंधित अशी कोणती गोष्ट उरली? केबल चेनमधली केबल! साहेबांनी नकळत दोन उत्तम प्रयोग करून दिले होते, तेही आमच्या २८ हजारांत. फक्त निकाल कोणी वाचला नव्हता.

मेन स्विच बंद ठेवून मोटरचा प्लग ड्रायव्हरपासून काढला. (चालू असताना कधीही काढू नका, ड्रायव्हर त्या क्षणी जाऊ शकतो.) मोटरच्या चार वायरी म्हणजे दोन जोड्या. एका जोडीला मीटर लावला आणि डोकं चार-चार बोटं सरकवत, प्रत्येक वेळी थांबून आकडा वाचला. थांबायचं अशासाठी की हाताने फिरवली तर मोटर स्वतःच थोडी वीज तयार करते आणि मीटर नाचतो. पहिली जोडी सगळीकडे सारखी. दुसरी जोडी मधल्या पट्ट्यात आली आणि आकडा उडाला, सर्किट तुटलेलं. पुढे सरकवलं, परत जुळलं. वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. चौदा वर्षं वाकून वाकून थकलं होतं ते. दोन जोड्यांपैकी एक गेली की स्टेपर पुढे न जाता जागच्या जागी थरथरते. हेच ते आचके.

आणि ड्रायव्हर का मेला होता? चालू मोटरची वायर क्षणाक्षणाला तुटत-जुळत असली की प्रत्येक वेळी विजेचा झटका मागे ड्रायव्हरवर येतो. ड्रायव्हर हा आजार नव्हता, तो बळी होता. केबल तशीच राहिली असती तर नवाही मेला असता, आणि आमच्या संप्रदायाने तोही आनंदाने बदलला असता. चेनमध्ये चालणारी लवचीक, शील्डवाली नवी केबल घातली. खर्च अडीच हजार, वेळ एक दुपार. मशीन आजही पाट्या कापतंय.

असो. हकिगत संपली, भांडण आता सुरू.

संप्रदायाचं पहिलं समर्थन असं की वेळ म्हणजे पैसा. सीझनमध्ये निदान करत कोण बसणार? भाग बदला आणि मोकळे व्हा. ऐकायला पटतं. पण हिशेब करा. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांना मिळून तास-दीड तास लागतो. तीन भेटींत, मध्ये भागांची वाट बघण्यात आणि फुकट गेलेल्या मालात दादाचे पंधरा दिवस गेले. न विचार करता बदलणं झटपट वाटतं, कारण त्यात हात लगेच हलू लागतात. घाई दिसते आणि घाईला आपण काम समजतो.

दुसरं समर्थन: जुनी मशीन, भाग मिळत नाहीत. काही भागांबाबत हे खरं आहे. संगणकात बसणारं जुनं पीसीआय कार्ड गेलं तर हल्लीच्या मदरबोर्डवर त्याला जागाच नसते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, हेही खरं. पण जो संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही आणि फक्त राउटर हाकतो, तो त्या तारखेला आंधळा झाला नाही. आणि रेल, पिनियन, केबल, स्टेपर, ड्रायव्हर हे भाग बाजारात सर्रास मिळतात, मशीनच्या वयाशी त्यांचं देणंघेणं नाही. ‘जुनं आहे’ हे निदान नसून वय आहे. डॉक्टरने नाडी न बघता ‘तुमचं वय झालं’ म्हटलं तर आपण फी देऊ का?

तिसरं समर्थन मला सगळ्यात झोंबतं, कारण त्यात तथ्य आहे. ते असं की सर्व्हिसवाल्या पोराला विचार करायचे पैसे कोणी देत नाही. दिवसाला चार-पाच भेटी टाकलेल्या, भाग विकला तर कमिशन, मीटर घेऊन तासभर डोकं खाजवलं तर वरून फोन. तो मूर्ख नाही. त्याला मूर्खपणाचा पगार मिळतो. आणि आपण गिऱ्हाइकं तरी काय करतो? भागाचं बिल निमूट देतो, पण ‘तपासणी शुल्क ५०० रुपये’ म्हटलं की कपाळाला आठ्या! ‘काही बदललं नाही तर पैसे कसले?’ दोष शोधून काढणं हेच खरं काम, हे आपल्याला मान्यच नाही. वस्तू हातात दिसली तर पैसे, अक्कल वापरली तर फुकट. मग बाजार आपल्याला अक्कल का देईल?

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता आपल्याकडे आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही तिची सुरुवातीची क्षेत्रं. छान झालं, हवंच होतं. आमच्या पाटीवाल्याचं राउटर त्या यादीत नाही, त्याबद्दलही रडत नाही. पण समजा उद्या कायद्याने प्रत्येक यंत्राची माहिती आणि भाग मिळू लागले. मीटर लावून आकडा वाचणारा माणूस कुठून आणणार? हक्क कागदावर मिळतो, कसब मिळत नाही. ते राखावं लागतं, आणि राखायचं तर त्याला मान आणि दाम द्यावा लागतो. आपल्या घरात आयटीआयला गेलेल्या पोराची ओळख आपण आवाज खाली करून देतो, हे नात्यातल्या वाचकांनी मनावर घ्यावं. मुद्दाम लिहितोय.

आणि हो, दुरुस्तीच्या नावाखाली चालणारा जुगाडही मला मान्य नाही. अक्ष अडकला की डब्लूडी-फॉर्टीचा फवारा मारणारे वीर प्रत्येक दुकानात आहेत. तो फवारा मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेला, १९५३ सालचा. रेलच्या बेअरिंगमधलं ग्रीस तो धुऊन काढतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग कोरड्या गोळ्यांवर भुसा. निपलमधून योग्य ग्रीस भरा, वरचं पुसून घ्या, बस्स. कोणी उत्साहाने बेअरिंगचा ठोकळा रेलवरून सरळ ओढून काढतो आणि बारीक गोळ्या फरशीभर होतात. न बघता बदलणारा आणि न समजता उघडणारा, दोघे सख्खे भाऊ. दोघांनाही प्रश्न विचारायचा कंटाळा.

बदलायचं कधी? रेलला खाचा पडल्या असतील, पिनियनचे दात झिजून टोकदार झाले असतील, तर जरूर बदला. मशीनची अचूकता धंद्याला पुरत नसेल तर नवं मशीनही घ्या, कर्ज काढून घ्या. माझा विरोध नव्याला नाहीच. कारण न कळता बदलण्याला आहे. कारण कळलं नाही तर जुना दोष नव्या भागाच्या आड लपतो आणि दाम दुप्पट करून परत येतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. राउटर असो, लिफ्ट असो की घरातलं वॉशिंग मशीन, दुरुस्तीवाला ‘हे गेलंय’ म्हणाला की त्याला तीन गोष्टी विचारा. हे गेलंय हे कशावरून कळलं, मला दाखवता का? हे का गेलं? आणि बदलल्यावर पुन्हा जाणार नाही याची खात्री कशी करणार? पहिल्याचं उत्तर मीटरवर किंवा हाताला लागेल असं असलं पाहिजे. दुसऱ्याचं उत्तर ‘जुनं झालं’ असेल तर चहा पाजा आणि पाठवून द्या. आणि तिन्हींची उत्तरं नीट देणारा कोणी भेटला तर त्याची तपासणी फी एक पैसाही न घासता द्या, त्याचा नंबर चार जणांना द्या आणि पुढच्या वेळी त्यालाच बोलवा. यापलीकडे आपल्या हातात दुसरं हत्यार नाही, पण हे पुरेसं धारदार आहे.

जाता जाता, ज्यांच्याकडे अशी मशीन आहेत त्यांच्यासाठी. मशीन नीट चालू आहे तोवरच सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, हार्ड डिस्कची एक प्रत करून कपाटात ठेवा, आणि वर्षातून एकदा केबल चेन उघडून आतली केबल बोटांनी चाचपा. कुठे मऊ लागली, वळ दिसला, तर ती केबल बदलून टाका.

हो, बदलून टाका. पण चाचपून.